‘डोक्याला थोडं लागलं होतं’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मूळचा सांगली जिल्ह्यातला, 9 वर्षांचा असताना आई-बाबांबरोबर ऑकलंडला गेलेला आणि तिथेच वाढलेला 24 वर्षांचा हा तरुण व्यावसायिक रग्बीपटू आहे. न्यूझीलंडमध्ये तो प्रांताच्या संघापर्यंत पोचला, त्यापुढचा करार काही मिळाला नाही. गेली दीड वर्षं तो दक्षिण फ्रान्समधल्या एका छोट्या शहरात, दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून खेळतो. पगारातून दरमहा घरी पैसे पाठवतो. क्लबने आणखी 2 वर्षांचा करार पुढे केला आहे आणि उत्तरासाठी 3 आठवड्यांची मुदत दिली आहे. पण दिवाळीपासून त्याचं मन कशातच लागत नाही. झोप येत नाही, संघातल्या मुलांवर उगाच चिडायला होतं, सरावाहून आलं की तो खोलीत नुसता पडून राहतो. आई म्हणते परत ये. बाबा म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. ‘माझ्यासाठी त्यांनी देश सोडला आणि मला दोन वर्षंही घराबाहेर राहवत नाही. सही करू की परत जाऊ? परत गेलो तर हरलोच ना?’ असं तो विचारतो.

प्रिय मित्रा,

लिहीत बसण्यापेक्षा बोलून पाठवलंस ते फार बरं केलंस. मराठी वाचता येतं पण लिहायला वेळ लागतो म्हणालास, मात्र बोलण्यातली सांगलीची चाल इतक्या वर्षांनंतरही गेलेली नाही. तुझं 22 मिनिटांचं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, घरापासून लांब गेलेल्या मुलाला घर आठवतंय, त्याला धीर द्यायला हवा. दुसऱ्यांदा ऐकताना एका वाक्यापाशी थांबले. आजीने सांगलीहून पाठवलेलं फराळाचं पार्सल दिवाळी उलटून गेल्यावर पोचलं, हे सांगता सांगता तू मध्येच म्हणालास, ‘त्याच आठवड्यात मॅचमध्ये डोक्याला थोडं लागलं होतं, पण पुढच्या शुक्रवारी खेळलो.’ आणि लगेच पुन्हा चकलीवर आलास. चकल्यांचा पार चुरा झाला होता म्हणे.

करारावर मी बोलणार आहे. पण आधी त्या ‘थोडं’वर बोलू.

मी डॉक्टर नाही. तू सांगितलेल्या गोष्टी फक्त एकापुढे एक मांडते. झोप लागत नाही. चिडचिड होते. कशात मन नाही. सरावानंतर अंधारात पडून राहावंसं वाटतं. आणि आई व्हिडिओ कॉलवर दर वेळी ‘दिवा लाव रे, तोंड दिसत नाही तुझं’ म्हणते, त्याचा तुला वैताग येतो. का लावत नाहीस दिवा? तूच म्हणालास, डोळ्यांवर येतो. मेंदूला हादरा बसला, ज्याला तुम्ही मंडळी कन्कशन म्हणता, की उजेड सहन न होणं, झोप बिघडणं, चिडचिड आणि उदासी ही लक्षणं काही जणांत आठवडेच्या आठवडे टिकतात. ती उदासी घराच्या आठवणीसारखीच दिसते. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ज्याला होते त्यालाही कळत नाही.

गेल्या वर्षीची दिवाळीही तू तिथेच काढलीस. तेव्हा फिजीच्या मित्राच्या स्वयंपाकघरात चिवडा केलास आणि अख्ख्या संघाला खायला घातलास, हे सांगताना तुझा आवाजच वेगळा होता. घर तेव्हाही एवढंच लांब होतं. या वर्षी वेगळं काय झालं असेल, तर ते त्या सामन्यात झालं. मी चुकत असेन. चुकत असले तर मला आनंदच आहे. पण मी चुकतेय की नाही, हे डॉक्टरच सांगू शकतील, आणि तोवर तू कुठलीही सही करू नयेस आणि कुठलं तिकीटही काढू नयेस असं मला कळकळीने वाटतं.

नियम तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत, तरी इतर वाचकांसाठी सांगते. मैदानावर संशय आला की खेळाडूला बाहेर घेऊन तपासतात. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने 2022 मध्ये ठरवलं, की कन्कशन झालेल्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंनी किमान 12 दिवस सामना खेळू नये, सराव पायरीपायरीने वाढवावा आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच मैदानात उतरावं. तू सातव्या दिवशी उतरलास. म्हणजे डॉक्टरांना तू सांगितलंच नव्हतंस. कराराचं बोलणं तेव्हाच निघालं होतं, तुझ्याच जागेवर, म्हणजे हूकर म्हणून खेळणारा दुसरा मुलगा बाकावर तयार बसला होता, आणि एक सामना हुकला तर जागा जाईल ही धाकधूक होती. तुला बोल लावायला मी हे लिहीत नाही. रग्बी काय, कुस्ती काय, कबड्डी काय, दुखणं झाकणाऱ्याची आपण पाठ थोपटतो. ही सवय तुला एकट्याला लागलेली नाही.

पण न्यूझीलंडच्या कार्ल हेमनचं नाव तू ऐकलं असशील. तुझ्यासारखाच स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ डोकी आणि खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या झुंजीच्या, पुढच्या रांगेतला, आणि तुझ्यासारखाच फ्रान्सला आलेला. तूलाँ या तिथल्या क्लबकडून खेळताना त्याने युरोपचा चषक जिंकला. सतत डोकं दुखायचं, गोष्टी विसरायचा. 2021 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं त्याने जाहीर केलं. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्प्सन तर तुझ्याच जागेवर खेळायचा, हूकर. 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, आणि तो चषक जिंकल्याचं त्याला आज आठवत नाही. त्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं मार बसला होता, एका धडकेने कोणाचं असं होत नाही. वेळीच सांगितलं आणि विश्रांती घेतली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. तुझं वय 24 आहे आणि अजून सांगायची वेळ गेलेली नाही, म्हणूनच एवढ्या जोरात सांगतेय.

तेव्हा या आठवड्यात क्लबच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना सांगायची भीती वाटत असेल तर आधी शहरातल्या तुझ्या डॉक्टरांकडे जा, पण जा, आणि तोवर स्क्रममध्ये डोकं घालू नकोस. फ्रेंच अजून जेमतेमच येतं म्हणालास. कोणी विचारलं की तुझ्या तोंडून पटकन ‘सा वा’, म्हणजे ‘ठीक आहे’, एवढंच निघतं. डॉक्टरांपुढे तेच निघेल. म्हणून काय काय होतं ते तारखांसकट कागदावर लिहून ने, आणि तो जॉर्जियाचा सहकारी, ज्याला चांगलं फ्रेंच येतं, त्याला बरोबर घे. फ्रान्समध्ये तू नोकरदार आहेस. खेळताना झालेली दुखापत तिथे कामावर झालेला अपघात धरतात, तेव्हा ती सांगणं म्हणजे कोणापुढे हात पसरणं नव्हे. खेळाडूंची ‘प्रोव्हाल’ नावाची संघटना आहे, तिच्या माणसाला फोन कर. अशा गोष्टींसाठीच ती आहे.

आता घरचं. तुझे फुटलेले कान बघून आजी व्हिडिओवर म्हणाली, ‘पैलवान झालास की रं!’ हे ऐकून मला माझा धाकटा मामा आठवला. त्याचेही कान असेच होते, पुरीसारखे फुगून घट्ट झालेले. चौदाव्या वर्षी तो कोल्हापूरला तालमीत राहायला गेला. घरून खुराक जायचा. एक म्हैस त्याच्याच नावाने बांधलेली होती, आणि तुपाचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. मामा घरी यायचा तो गावच्या जत्रेला. एका वर्षी पंगतीत बसायची वेळ आली आणि तो म्हणाला, मी मागाहून जेवतो. दुसऱ्या दिवशीही तेच. गुडघा दुमडत नव्हता, पण घरी कळलं तर तालीम सुटेल म्हणून तो बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी पानं मांडली तेव्हा माझ्या आजीने काही न बोलता त्याच्या जागी दोन पाट एकावर एक ठेवले. मामा त्या पाटांकडे बघत राहिला आणि मग बसला. त्या जेवणात तो कोणाशी बोलला नाही. पुढे गुडघा गेलाच, फार उशीर झाला होता. आजी शेवटपर्यंत एकच म्हणायची, ‘मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मी तेव्हाच का नाही विचारलं.’

तुझी आई ‘दिवा लाव’ म्हणते तेव्हा तिलाही काहीतरी दिसलेलं आहे. तिला काळजी नको म्हणून तू झाकतोस, आणि काय झालंय तेच माहीत नसल्यामुळे तिची काळजी दुप्पट होते. ‘परत ये’ हे तिला सुचलेलं एकमेव औषध आहे. तिला खरं कळलं तर ती कदाचित वेगळंच काही म्हणेल.

सांगायचं कसं? एक तर, चुकीच्या वेळी फोन करू नकोस. ऑकलंडमधून जमिनीत सरळ आरपार भोक पाडलं तर ते स्पेनमध्ये, म्हणजे तुझ्या शेजारच्या देशात निघतं. याहून लांब पृथ्वीवर जाताच येत नाही. आत्ता हिवाळ्यात तुम्हा दोघांच्या घड्याळांत बरोबर 12 तासांचं अंतर आहे. तू रात्री 8 ला फोन करतोस तेव्हा आईचे सकाळचे 8 वाजलेले असतात. ती कामावर निघायच्या घाईत आणि तू दिवसभराचा दमलेला. अशा फोनवर ‘बरं आहे ना?’ ‘हो, बरंय’ यापलीकडे काय होणार? तुझे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री असतात, म्हणजे रविवारची सकाळ मोकळी मिळते. तेव्हा तिकडे आई-बाबा जेवून निवांत बसलेले असतात. तेव्हा बोल. आधी डॉक्टरांकडे जाऊन ये, मग सांग: अमुक दिवशी लागलं, तेव्हा सांगितलं नाही, आता दाखवलं, डॉक्टर असं म्हणतात, पुढे असं करणार. पुढे काय करायचं हे माहीत असलेली बातमी आईबापांना झेपते. बहिणीला आधी विश्वासात घे, म्हणजे फोन ठेवल्यावर आईजवळ बोलायला कोणी असेल.

हे वाचणाऱ्या आईबापांनाही एक सांगते. मूल लांब असलं, मग ते मैदानावर असो, बोटीवर असो की वसतिगृहात, ‘ठीक आहेस ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. ‘आज कुठे दुखतंय?’ विचारा. काहीतरी दुखतच असतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

आता, ‘माझ्यासाठी त्यांनी देश सोडला.’ हे तुला कोणी सांगितलं? तू तेव्हा 9 वर्षांचा होतास. आईबाप देश सोडतात त्याला दहा कारणं असतात. मूल त्यातलं एक, आणि त्यांची स्वतःची हौस, नोकरी, भाऊबंदकीचा कंटाळा हीसुद्धा. कधीतरी बाबांना विचार, तुम्ही का आलात? उत्तर ऐकून तुझ्या खांद्यावरचं ओझं बरंच हलकं होईल असा माझा अंदाज आहे. घराच्या हप्त्यासाठी तू पाठवतोस त्या पैशांचंही तेच. बाबा पहिल्याच महिन्यात ‘तुझे तुला ठेव’ म्हणाले होते, हे तूच सांगितलंस. तरी तू पाठवतोस आणि मग त्या हप्त्यासाठी इथे राहणं भाग आहे असंही म्हणतोस. पैसे पाठवणं चांगलंच आहे, पण निदान एक वर्षभर त्यातला अर्धा भाग स्वतःच्या नावावर बाजूला टाक. या खेळात कारकीर्द तिशीच्या आसपास संपते, आणि हूकरची मान आणि डोकं कोणाला विचारून थकत नाही.

‘परत गेलो तर हरलो’ याबद्दल तुझ्या फिजीच्या मित्राकडे बघ. रग्बी युनियन 1995 मध्ये व्यावसायिक झालं, तेव्हापासून त्याच्या बेटांवरची मुलं फ्रान्सला आणि इतर देशांत जाताहेत, कारण घरी खेळून पोट भरेल असा संघच नव्हता. फिजियन ड्रुआ हा त्यांचा संघ सुपर रग्बी या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या व्यावसायिक स्पर्धेत आला तो 2022 मध्ये. आता कोणी बाहेर जातो, कोणी घरी परत येऊन खेळतो, आणि परतणाऱ्याला तिथे कोणी हरला म्हणत नाही. तू तर न्यूझीलंडचा. देशाबाहेर खेळणाऱ्याला ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ, घेत नाहीत, तेव्हा परत जाऊन प्रांताच्या संघात पुन्हा जागा मिळवायची इच्छा असेल तर तो खेळाडूचाच विचार झाला. तुला ती इच्छा आहे का? 22 मिनिटांत तू ते एकदाही बोलला नाहीस. आईला काय हवं, बाबांना काय हवं, क्लबला काय हवं, सगळं सांगितलंस. फक्त तो चिवडा आणि पहिल्या हंगामातला पावसातला एक सामना, ज्यात तुमच्या स्क्रमने समोरच्यांना 10 मीटर मागे रेटलं, एवढ्या दोनच गोष्टी सांगताना तू हसलास. त्या दोन्ही फ्रान्समधल्या आहेत, हे मात्र मी टिपून ठेवलं.

म्हणून ‘परत ये’ असं मी म्हणणार नाही, आणि ‘सही कर’ असंही नाही. डॉक्टरांचं काय ते कळल्यावर क्लबला मुदत वाढवून माग. 3 आठवडे त्यांनी ठरवलेत, देवाने नाही. एजंटावर सगळं सोपवू नकोस. तो माणूस वाईट असेल असं नाही, पण करार झाला तरच त्याला पैसे मिळतात. प्रोव्हालच्या माणसाकडून कागद वाचून घे. संघ खालच्या श्रेणीत घसरला तर कराराचं काय होतं, लांबच्या दुखापतीत पगार कसा मिळतो, घर कोणाच्या नावावर आहे, हे विचार. आणि 2 वर्षांऐवजी 1 वर्ष आणि पुढचं तुझ्या मर्जीवर, असं मागून बघ. ते नाही म्हणतील, फार तर. वर्षातून एकदा घरचं तिकीट आणि आठवड्यातून दोनदा फ्रेंचची शिकवणी या दोन गोष्टी मात्र मागच. पैशापेक्षा त्याच जास्त कामाला येतील. आणि परत जायचं ठरलं तर आत्ताचा करार जूनअखेर संपेपर्यंत थांब. मध्येच सोडशील तर भरपाईचं झेंगट मागे लागू शकतं. डॉक्टरांनीच खेळू नको म्हटलं तर गोष्ट वेगळी.

भाषेचं मी अगदी मनापासून म्हणतेय. छोट्या शहरात रग्बीपटूला बेकरीपासून पोस्टापर्यंत सगळे ओळखतात, आणि तू सगळ्यांकडे बघून नुसता हसतोस. ज्या गावात सगळे ओळखतात आणि बोलता कोणाशीच येत नाही, तिथे एकटेपणा येणारच.

त्या फिजीच्या मित्राच्या बायकोने रोटी लाटली आणि तुला रडू फुटलं, याची तुला लाज वाटली. कसली लाज? 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, हजारो हिंदुस्थानी मजूर फिजीच्या उसात राबायला नेले, त्यांच्याबरोबर रोटी तिथे पोचली आणि आज ती सगळ्या फिजीची झाली आहे. एका बेटावरून ती आता फ्रान्समधल्या स्वयंपाकघरात आली, आणि तिथे तुला मिळाली. त्यांच्याकडे दर रविवारी जात होतास ते दिवाळीपासून बंद केलंस. का, ते सांगितलं नाहीस. तिथली पोरं दंगा करतात, आवाज सहन होत नाही, असं तर नाही ना? तसं असेल तर तेही त्या कागदावर लिही. आणि त्या दोघांना खरं सांग, म्हणजे रुसलास असा त्यांचा समज व्हायचा नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलास की मला कळव. लिहीत बसू नकोस, रेकॉर्डिंगच पाठव.